धुके, वाळू आणि नामिबचा किनारा

1533 च्या मार्चमध्ये लिस्बनहून हिंदुस्थानकडे निघालेले 'बोम जेझुस' हे पोर्तुगीज जहाज आपल्या किनाऱ्याला लागलेच नाही. गोवा पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील राज्याची राजधानी होऊन तेव्हा तीनच वर्षे झाली होती. मसाल्याच्या मोबदल्यात द्यायला त्या काळची जहाजे तांबे आणि सोन्याची नाणी भरून निघत. ते जहाज कुठे बुडाले, हे पावणेपाचशे वर्षे कोणाला ठाऊक नव्हते. 2008 च्या एप्रिलमध्ये नामिबियाच्या दक्षिण टोकाला, ओरान्येमुंड गावाजवळ, हिऱ्यांच्या खाणीतली माणसे वाळूचे बांध घालून समुद्र मागे हटवत होती आणि उघड्या पडलेल्या तळातली वाळू उपसत होती. तिथे एका भूशास्त्रज्ञाला तांब्याचे अर्धगोल ठोकळे दिसले. मग दोन हजारांहून अधिक सोन्याची नाणी निघाली, शंभरावर हस्तिदंत, तोफा आणि दर्यावर्दींची मोजमापाची साधने निघाली. तांब्याच्या भाराखाली दबून राहिल्यामुळे लाकूड आणि दातसुद्धा टिकले होते. तज्ज्ञांच्या मते हे जहाज बहुधा 'बोम जेझुस'च.

ही बातमी वाचल्यावर मी नामिबियाचा नकाशा पहिल्यांदा नीट पाहिला. आपल्याकडे हा देश अलीकडे माहीत झाला तो कुनोतल्या चित्त्यांमुळे. 17 सप्टेंबर 2022 रोजी आलेले पहिले आठ चित्ते तिथलेच. आफ्रिकेच्या नैर्ऋत्येला असलेला हा देश आकाराने महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा आहे आणि लोकसंख्या जेमतेम 30 लाख. त्याच्या पश्चिमेला अटलांटिक महासागराला लागून नामिबचे वाळवंट पसरले आहे आणि एवढ्या लांब किनाऱ्यावर नाव घेण्याजोगी गावे मोजून चार-पाच. ती गावे आणि त्यांच्या मधला मुलूख पाहायचा, असे ठरवूनच आम्ही निघालो.

समुद्राकाठी वाळवंट कसे, हा प्रश्न कोकण पाहिलेल्या माणसाला पडतोच. उत्तर समुद्रातच आहे. अंटार्क्टिकाकडून येणारा बेंग्वेला नावाचा थंड प्रवाह या किनाऱ्याला लागून उत्तरेकडे वाहतो. शिवाय वाऱ्यामुळे तळाचे गार पाणी सतत वर येत राहते. त्यामुळे पाण्यालगतची हवा थंड आणि जड होते, वर चढत नाही, आणि हवा वर चढल्याशिवाय पावसाचा ढग बनत नाही. पूर्वेकडून, म्हणजे आपल्याच हिंदी महासागरावरून येणारी वाफ आफ्रिका खंड ओलांडता ओलांडता वाटेतच रिती होते. परिणामी किनाऱ्यावर वर्षाला 20 मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही. मुंबईत जुलैतल्या एखाद्या दुपारी यापेक्षा जास्त पडतो. आणि ही स्थिती आजकालची नाही. नामिबला जगातले सर्वांत जुने वाळवंट मानतात. कोट्यवधी वर्षे हा प्रदेश कोरडा आहे.

पाऊस नाही, पण धुके आहे. तोच थंड समुद्र रात्री धुके तयार करतो आणि पहाटे ते 50-60 किलोमीटर आत शिरते. इथले बरेचसे जीवन त्या धुक्यावर चालते. पाऊस नसल्याचा दुसरा परिणाम मला वाटेत हळूहळू कळत गेला. इथे काही कुजत नाही, वाहून जात नाही, धुतले जात नाही. जे घडले ते जागच्या जागी पडून राहते.

विंडहुक या राजधानीबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. स्वच्छ, शांत, चढउतारांचे शहर; तिथे गाडी भाड्याने घ्यायची, पाण्याचे मोठे कॅन भरायचे आणि बाहेर पडायचे. वाहने आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे गाडी हातात बसायला वेळ लागत नाही. दक्षिणेकडे कीटमन्सहूपपर्यंत सुमारे 480 किलोमीटर सरळसोट डांबरी रस्ता. तिथून पश्चिमेला वळल्यावर ल्युडेरिट्झ बंदर आणखी सुमारे 340 किलोमीटर. आउस नावाचे छोटे गाव मागे पडले की जमीन उतरत जाते, झुडपे संपतात आणि क्षितिजापर्यंत फिकट पिवळी सपाटी सुरू होते. इथेच गारुबच्या पाणवठ्यावर रानटी झालेले घोडे दिसतात. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत सैन्याच्या आणि पैदास केंद्राच्या ज्या घोड्यांना कोणी वाली उरला नाही, त्यांचे हे वंशज. मोठ्या दुष्काळांत त्यांची संख्या फार घटते आणि तरसे शिंगरे मारतात. आम्ही पाहिले तेव्हा सात-आठ घोडे पाणवठ्यापाशी माना खाली घालून उभे होते आणि अंगावरच्या फासळ्या मोजता येत होत्या.

पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाट्या लागतात: आत जाण्यास सक्त मनाई. हा तेव्हा इथे राज्य करणाऱ्या जर्मनांनी 1908 साली बंद केलेला हिऱ्यांचा मुलूख. सुमारे 26 हजार चौरस किलोमीटर जमीन शंभर वर्षे सामान्य माणसाला बंद राहिली. 2008 मध्ये तिचे राष्ट्रीय उद्यान झाले, तरी आजही परवान्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. माणूस न फिरकल्यामुळे इथली दुर्मीळ झुडपे आणि तपकिरी तरस तेवढे सुखरूप राहिले.

ल्युडेरिट्झच्या दहा-बारा किलोमीटर अलीकडे कोल्मन्सकोप लागते. या गावाची छायाचित्रे जगभर पोहोचली आहेत: गुडघाभर वाळूने भरलेल्या खोल्या, निळ्या-हिरव्या रंगाच्या भिंती, अर्धवट उघडे राहिलेले दार. ती पाहून एक उदास, सुंदर जागा डोळ्यांपुढे येते. पण छायाचित्रात न येणारी गोष्ट गावाबाहेरच्या रेल्वे रुळांपाशी आहे. 1908 च्या एप्रिलमध्ये रुळांवरची वाळू फावड्याने काढणाऱ्या झकेरियास लेवाला या मजुराला एक चमकता खडा दिसला. त्याने पूर्वी किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणीत काम केले होते, त्यामुळे तो काय आहे हे त्याला कळले. त्याने तो आपल्या जर्मन मुकादमाला, ऑगस्ट स्टाउखला दिला. स्टाउखने हक्क नोंदवले आणि तो कोट्यधीश झाला. लेवालाच्या हाती काहीही लागले नाही.

मग काही वर्षे इथे हिरे अक्षरशः वेचले जात. जवळच्या एका दरीत माणसे चांदण्या रात्री पोटावर सरपटत खडे गोळा करत, असे सांगतात. वाळवंटात एक जर्मन गाव उभे राहिले. बर्फाचा कारखाना, नाचगाण्याचे सभागृह, बोलिंगचा खेळ, पोहण्याचा तलाव, आणि क्ष-किरण यंत्र असलेले रुग्णालय. त्या यंत्राचा उपयोग हाडे पाहण्याइतकाच मजुरांनी हिरा गिळला आहे का हे पाहायलाही होई. गोडे पाणी जहाजाने केप टाउनहून येई. ओवाम्बो मजूर उत्तरेकडून कराराने आणलेले. ते बराकीत, एकावर एक बांधलेल्या फळ्यांवर झोपत. 1928 मध्ये दक्षिणेला ऑरेंज नदीच्या मुखापाशी याहून मोठे हिरे सापडले आणि लोक तिकडे निघून गेले. 1956 मध्ये शेवटची माणसेही गेली. स्टाउखही 1947 साली निर्धन होऊनच वारला.

इथे सकाळीच जावे. दुपारी दक्षिणेचा वारा उठतो आणि वाळू डोळ्यांत, दातांत, कॅमेऱ्यात शिरते. रुग्णालयाचा लांबलचक बोळ, मुख्य अभियंत्याच्या घराचा जिना, शिक्षकाच्या घरातली वाळू हे सगळे मी पाहिले. पण मन राहिले ते त्या रुळांपाशी, कारण ते रूळ कोणी घातले होते हे मला पुढच्या मुक्कामी कळले.

ल्युडेरिट्झ हे खडकांवर वसलेले, गार वाऱ्याचे, रंगीत घरांचे बंदर. खडकावरच्या उंच चर्चमध्ये संध्याकाळी रंगीत काचांतून ऊन येते. 1488 साली पोर्तुगीज दर्यावर्दी बार्तोलोमेउ डियासने जवळच्या टोकावर दगडी क्रूस उभा केला होता.  1883 मध्ये ब्रेमेनचा व्यापारी अडोल्फ ल्युडेरिट्झ याने बेथानीच्या नामा लोकांचा प्रमुख जोसेफ फ्रेडरिक्स याच्याकडून हे बंदर 100 पौंड आणि 200 बंदुकांना घेतले. पाठोपाठ किनाऱ्यालगतची 20 मैल रुंदीची पट्टीही घेतली. फ्रेडरिक्सला ठाऊक होता तो सुमारे 1.6 किलोमीटरचा इंग्रजी मैल. करारात लिहिला होता सुमारे 7.4 किलोमीटरचा जर्मन 'भौगोलिक' मैल. बेथानीच्या नामांची जवळजवळ सगळी जमीन त्या एका शब्दात गेली. ही लबाडी मागाहून लक्षात आलेली नव्हे. मुद्दाम केलेली होती.

बंदरातून दिसणारा शार्क आयलंड आता भरावाने जमिनीला जोडलेला आहे. 1904 मध्ये हेरेरो लोकांनी जर्मन सत्तेविरुद्ध उठाव केला. ऑगस्टमध्ये वॉटरबर्गच्या लढाईनंतर जनरल लोथार फॉन ट्रोथाने त्यांना पूर्वेच्या निर्जल प्रदेशात हाकलले आणि 2 ऑक्टोबर 1904 रोजी लेखी हुकूम काढला की जर्मन हद्दीत दिसेल तो हेरेरो, सशस्त्र असो वा निःशस्त्र, गोळी घालून मारावा. त्याच महिन्यात दक्षिणेत नामा उठले. जे जिवंत हाती लागले, त्यांना छावण्यांत कोंडले. त्यांतली सर्वांत भीषण छावणी या खडकावर होती. आतल्या उबदार मुलखात वाढलेली माणसे, बायका आणि मुले या बोचऱ्या वाऱ्यात, अपुऱ्या कपड्यांनिशी, अर्धपोटी राहत. आउसकडे जाणारा लोहमार्ग त्यांच्याकडून बांधून घेतला गेला. त्याच मार्गावरची वाळू काढताना लेवालाला हिरा सापडला. ज्या बेथानीच्या नामांकडून बंदर घेतले होते, त्यांचाच नेता कॉर्नेलियस फ्रेडरिक्स 1907 च्या फेब्रुवारीत इथे मेला. मृतांच्या कवट्या बर्लिनला वंशशास्त्राच्या अभ्यासासाठी पाठवल्या गेल्या आणि त्या साफ करण्याचे काम कैदी बायकांना करावे लागले. त्यांतल्या काही कवट्या 2011 पासून टप्प्याटप्प्याने परत आल्या आहेत.

आज त्या खडकावर तंबू ठोकून राहण्याची सोय आहे. कॉर्नेलियसच्या नावाचा एक दगड आहे, आणि त्याच आवारात जर्मन सैनिकांच्या आणि ल्युडेरिट्झच्या नावाचेही फलक आहेत. आम्ही गेलो तेव्हा दोन कुटुंबे मांस भाजत बसली होती. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण तिथे काय झाले ते ठळकपणे सांगणारे काही त्यांच्यासमोर नव्हते. पण अशा जागी मुक्कामाची परवानगी असू नये, हे मला मनापासून वाटते. आता बंदर वाढवण्याचा बेत आहे. समुद्रात तेल सापडले आहे आणि वारा-उन्हापासून हायड्रोजन बनवण्याचा मोठा प्रकल्प या भागासाठी आखला आहे. भरावाखाली आणि पाण्याखाली आपल्या पूर्वजांची हाडे आहेत, असे नामा आणि हेरेरो वंशज सांगत आहेत. देशाला रोजगार हवा आहे हे खरे, पण आधी तो तळ तपासला पाहिजे.

ल्युडेरिट्झहून उत्तरेला किनाऱ्याने रस्ता नाही. मध्ये नामिबचा वाळूचा समुद्र आहे. आउसला परत येऊन आतल्या बाजूने खडीच्या रस्त्यांनी वर जावे लागते. तिरास डोंगरांच्या पायथ्याने जाणारा रस्ता मी आजवर पाहिलेल्या रस्त्यांत सर्वांत देखणा. उजवीकडे तांबूस खडक, डावीकडे पिवळे गवत आणि त्यापलीकडे लाल वाळूच्या टेकड्या. तासन्‌तास एकही गाडी येत नाही.

सेस्रीमच्या फाटकातून सूर्य उगवताना आत सोडतात. 60 किलोमीटर डांबरी रस्ता, मग शेवटचे पाच किलोमीटर मऊ वाळू. तिथे साध्या गाडीने जाऊ नये, चारही चाकांना ताकद देणारी गाडी किंवा तिथली भाड्याची जीप घ्यावी. या टेकड्यांची वाळू मूळची इथली नाही. ऑरेंज नदी ती दक्षिण आफ्रिकेच्या डोंगरांतून समुद्रात आणते, प्रवाह आणि लाटा ती उत्तरेकडे ढकलतात आणि वारा ती जमिनीवर चढवतो. हिरेसुद्धा याच वाटेने आले. वाळूच्या कणांवर लोहाचा गंज चढतो, म्हणून समुद्राकाठची टेकडी पिवळट आणि आतली लालभडक. 2013 मध्ये युनेस्कोने या वाळूच्या समुद्राला जागतिक वारसा ठरवले.

डेडफ्लेला जायला टेकडी ओलांडून चालावे लागते. पांढऱ्या चिकणमातीचे सपाट तळे, भोवती तीनशे मीटरपर्यंत उंच लाल वाळू, आणि मधोमध काळी, निष्पर्ण बाभळीच्या जातीची झाडे. पूर्वी त्साउखाब नदीचे पाणी इथे पोहोचत असे. वाळू आडवी आली, पाणी तुटले आणि झाडे मेली. त्याला सहाशे-सातशे वर्षे झाली. म्हणजे महाराष्ट्रात बहमनी राज्य यायच्या सुमारास मेलेली झाडे तिथे उभी आहेत. ती दगड झालेली नाहीत, लाकूडच आहे. कुजायला लागणारा ओलावाच नाही. खोडावर हात ठेवू नका, असे रक्षक प्रत्येकाला सांगतात, आणि तरी लोक खोडाला टेकून फोटो काढतात.

सॉलिटेअर या एवढ्याशा ठिकाणी पेट्रोल पंप, गंजलेल्या जुन्या मोटारी आणि सफरचंदाच्या पायचे दुकान आहे. इथे टाकी भरलीच पाहिजे. पुढे मकरवृत्ताची पाटी लागते, मग गाउब आणि कुइसेब नद्यांच्या घळी. दुसऱ्या महायुद्धात हेनो मार्टिन आणि हर्मान कोर्न हे दोन जर्मन भूशास्त्रज्ञ नजरकैद टाळण्यासाठी कुइसेबच्या घळीत लपून राहिले. अडीच वर्षे शिकार करत, खडकाच्या आडोशाने त्यांनी दिवस काढले. कोर्न आजारी पडला तेव्हा ते बाहेर आले. त्या घळीत उतरून पाहिल्यावर अडीच वर्षांचा अर्थ कळतो.

कुइसेब नदीने मला सर्वांत जास्त थक्क केले. वर्षातले बहुतेक दिवस ती कोरडी असते आणि समुद्रापर्यंत क्वचितच पोहोचते. पण तिच्या दक्षिणेला वाळूच्या टेकड्या आणि उत्तरेला खडीची सपाटी, अशी रेघ ओढल्यासारखी सीमा दिसते. अधूनमधून येणारा पूर तिच्या पात्रात घसरलेली वाळू वाहून नेतो, म्हणून टेकड्या पलीकडे जाऊ शकत नाहीत. त्या सीमेवर गोबाबेब हे संशोधन केंद्र 1962 पासून उभे आहे. धुक्याचा अभ्यास इथे पिढ्यान्‌पिढ्या चालला आहे. 1976 साली मेरी सीली आणि विल्यम हॅमिल्टन यांनी जगाला सांगितले की इथला एक काळा भुंगेरा धुक्याच्या पहाटे टेकडीच्या माथ्यावर चढतो, डोके खाली आणि पाठ वर करून उभा राहतो, आणि अंगावर जमलेले थेंब ओघळत तोंडापर्यंत येतात. एका पहाटे तो स्वतःच्या वजनाच्या एक तृतीयांशापर्यंत पाणी पिऊ शकतो. पालीच्या जातीचा एक प्राणी धुके आले की स्वतःचे डोळे चाटून ओल घेतो. या मुलखात पाणी मिळवण्याच्या इतक्या तऱ्हा आहेत की कोरडेपणाकडे पाहण्याची माझी नजरच बदलली.

नदीकाठाने टोपनार लोकांच्या वस्त्या आहेत: पाच-दहा पत्र्याची, लाकडाची घरे, शेळ्या, गाढवे. त्यांचा आधार नारा. बिनपानांचे, नुसत्या काट्यांचे हे झुडूप मुळे खोलवर पाण्यापर्यंत नेते आणि त्याला नारळाएवढी खरबुजासारखी फळे येतात. गर शिजवून, वाळूवर पसरून वाळवतात. बिया खातात आणि विकतात. आम्हाला बिया देणाऱ्या वयस्क बाईंच्या बोलण्यात जिभेचे टाळ्यावरचे टिचके ऐकू येत. झुडपांचे हक्क घराण्यांमध्ये वाटलेले असत, असे त्यांनी सांगितले. नदीखालचे पाणी दशकानुदशके किनाऱ्यावरच्या शहराला उपसून नेले जाते. ते खोल गेले तर झाडे आधी बोलतील, असे त्या म्हणाल्या.

ते शहर म्हणजे वॉल्विस बे. सरळ रस्ते, मासळीचे कारखाने, क्रेन. ब्रिटिशांनी हे खोल बंदर 1878 मध्येच घेतले होते. जर्मनांना मिळाले नाही. नामिबिया 21 मार्च 1990 रोजी दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यातून स्वतंत्र झाला. त्या संक्रमणकाळात संयुक्त राष्ट्रसंघाच्या सैन्याची धुरा आपले लेफ्टनंट जनरल दिवाण प्रेमचंद यांच्याकडे होती. पण वॉल्विस बे दक्षिण आफ्रिकेने सोडले ते 1 मार्च 1994 ला. शहर सोडून खाजणाकडे गेल्यावर मात्र पाय निघत नाही. हजारो रोहित उथळ पाण्यात माना बुडवून उभे असतात. थंड पाण्याबरोबर वर येणारे अन्न हेच त्यांचे आणि इथल्या मासेमारीचे भांडवल. ज्या प्रवाहाने पाऊस हिरावला, त्यानेच हे ताट वाढले आहे.

तीसेक किलोमीटर उत्तरेला स्वाकोपमुंड. वॉल्विस बे ब्रिटिशांकडे म्हणून 1892 मध्ये जर्मनांनी हे बंदर वसवले, पण इथे खोल पाणी नाही. 1903 मध्ये बांधलेला धक्का वाळूने भरून गेला. मग लाकडी धक्का, मग लोखंडी. तो आज फिरायला वापरतात. गाव मात्र सुरेख आहे. 1901 चे रेल्वे स्थानक, लाल-पांढरे दीपगृह, लाकडी चौकटींची घरे, केकची दुकाने, जर्मन पुस्तकांचे दुकान. दुपारी बारापर्यंत धुके आणि ऐन डिसेंबरातही अंगात स्वेटर. देशभरातले लोक उन्हाळ्यात इथे गारव्याला येतात.

गावाच्या दक्षिण कडेला स्मशानभूमी आहे. आत संगमरवर, नावे, हिरवळ. हिरवळ संपली की उघड्या वाळवंटात बुटके उंचवटे, शेकड्यांनी. नाव नाही, तारीख नाही. स्वाकोपमुंडच्या छावणीत मेलेल्या हेरेरोंच्या या कबरी. पाऊस नसल्यामुळे त्या जवळजवळ सव्वाशे वर्षे टिकून आहेत. कित्येक वर्षे लोक त्यांवरून चालत आणि गाड्या नेत. मग वंशजांच्या आग्रहाने कुंपण झाले, एक स्मृतिशिला लागली. 28 मे 2021 रोजी जर्मनीने ही हत्या वंशसंहार असल्याचे मान्य केले आणि 30 वर्षांत 110 कोटी युरो देण्याचे कबूल केले, तेही विकासासाठी, भरपाई म्हणून नव्हे. वाटाघाटीत आम्हाला नीट स्थान नव्हते, हा वंशजांच्या अनेक संघटनांचा आक्षेप मला रास्त वाटतो. ज्यांची माणसे गेली त्यांच्याशी न बोलता क्षमा कशी मागणार? गावात केक खायला जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशाने अर्धा तास या कबरींपाशी काढावा. ही विनंती मी इथून जाणाऱ्या प्रत्येकाला करतो.

स्वाकोपमुंडहून उत्तरेचा रस्ता मूळचा जिप्सम आणि खाऱ्या पाण्याने थापलेला. असा रस्ता ऊन असले तर डांबरासारखा गुळगुळीत, धुक्यात निसरडा. वाटेत समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प दिसतो. तो 2010 मध्ये युरेनियमच्या खाणीसाठी उभारला आणि आता या भागाची तहान बऱ्याच अंशी भागवतो. हेन्टीस बेच्या अलीकडे किनाऱ्यालगत 'झेला' हे मासेमारी जहाज कलले आहे. भंगारात विकले गेल्यावर मुंबईकडे ओढून नेताना 2008 च्या ऑगस्टमध्ये त्याचा दोर तुटला. पाणकावळ्यांनी ते पांढरे करून टाकले आहे. पुढे केप क्रॉस. पोर्तुगीज दर्यावर्दी दियोगो काओने 1486 साली इथे उभा केलेला दगडी क्रूस जर्मनांनी बर्लिनला नेला होता. तो परत करण्याचे 2019 मध्ये जाहीर झाले. त्या टोकावर लाखभर सील एकमेकांवर लोळत असतात. वास असह्य असतो, तरी पिल्लांचे आणि आयांचे एकमेकांना हाका मारणे पाहत आम्ही बराच वेळ थांबलो.

जाणाऱ्यांसाठी थोडे कामाचे. मे ते सप्टेंबर हा कोरडा, निरभ्र काळ; जुलैत पहाटे वाळवंटात पारा शून्याजवळ जातो. भारतातून थेट विमान नाही, जोहान्सबर्ग किंवा आदिस अबाबामार्गे जावे. शाकाहारी माणसाचे हॉटेलात हाल होतात, पण स्वयंपाकघर असलेली घरे सगळीकडे मिळतात आणि मोठ्या दुकानांत डाळ-तांदूळ मिळतो. खडीच्या रस्त्यावर ताशी 80 च्या वर जाऊ नका. इथे अनेक अपघात गाडी घसरून होतात. दोन स्टेपन्या ठेवा, प्रत्येक पंपावर टाकी भरा.

आणि रस्ता सोडून गाडी सपाटीवर उतरवू नका. ती जमीन रिकामी दिसते, पण तिच्यावर दगडफुलाचा थर असतो. तो वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतो आणि धुके आले की उमलतो. स्वाकोपमुंडच्या पूर्वेला, वेल्विचिया ही दोनच पानांची, हजार वर्षे जगणारी झाडे पाहायला जाताना, 1915 साली तळ ठोकलेल्या सैन्याच्या खुणा आणि बैलगाड्यांच्या चाकोऱ्या अजून स्पष्ट दिसतात. तुमच्या गाडीच्या चाकांचे ठसेही तेवढीच वर्षे तिथे राहतील.